अपघाताचा रिपोर्ट

मानेसरच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली ऑपरेटर रामपालच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. काम भराभर व्हावं म्हणून मशीनचा सेफ्टी सेन्सर बंद ठेवायला मॅनेजर शार्दूलनेच सांगितलं होतं.

"रिपोर्टमध्ये लिही, सेन्सर रामपालनेच बंद केला," तो इंजिनियर मयुराला म्हणाला. "टीममध्ये एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं, यार."

"मग रामपाल कुणाच्या टीममध्ये होता, सर?"

"जास्त बोलू नकोस. लिही."

मयुराने शार्दूलचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. खाली साक्षीदार म्हणून लाइनवरच्या बत्तीस कामगारांनी सह्या केल्या.

तेहेतिसावी सही तिने हॉस्पिटलमध्ये जाऊन घेतली. रामपालने ती डाव्या हाताने केली.