बदकांची घरटी

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावर म्हातारा मच्छीमार रानबदकांसाठी बांधलेली दगडी घरटी दाखवत होता. नीलम ते खुटबावच्या आपल्या वडिलांना, हौसरावांना, मराठीत सांगत होती. "आबा, युद्धात जर्मन सैन्यानं होड्या नेल्या. घरोघरी उपास पडले, पण विश्वासानं आलेल्या बदकाला कुणी हात लावला नाही म्हणे. तुमच्याकडं येतात का, विचारतायत."

"भीमेवर लई यायची. आता न्हाई येत."

"का, म्हणतायत." नीलमनं आवाज खाली आणला. "नदी आटली म्हणून सांगू?"

हौसरावांची मान खाली गेली.

"नगं. आमी खाल्ली म्हण. आन् तवा कुठलं युद्ध होतं असं विचारलं, तर गावच्या सोसायटीची निवडणूक होती म्हण."