अर्धं करायचं राहिलं

"पुन्हा अर्धं करायला विसरलीस," बाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरच्या मुलीने जीभ चावली. समलंब चौकोनाच्या समांतर बाजू नऊ आणि तेरा, उंची सहा. बावीस सक एकशे बत्तीस, हे तिने बोटं न मोजता एका दमात म्हटलं होतं आणि घोडं नेहमीच्याच जागी अडलं होतं.

बाईंनी पुठ्ठ्याचे दोन सारखे समलंब चौकोन काढले. एक उलटा करून दुसऱ्याला जोडला. "हा झाला समांतरभुज चौकोन. तुझे एकशे बत्तीस या दोघांचे मिळून. ही उलटी बसलीय ती शेजारीण. तिला घरी पाठवायचं, मग उरतं ते आपलं."

"शेजारणीला घरी पाठवायचं माझ्या लक्षातच राहत नाही."

बाई हसल्या. निवृत्त झाल्यापासून घरात हसण्यासारखं फारसं काही घडत नसे. ही पोर एक दिवस आपणहून दार वाजवून म्हणाली होती, "माझी भूमिती फार कच्ची आहे. परीक्षेपर्यंत येऊ का?" तेव्हापासून आई कामावरून परतेपर्यंत ती रोज इथेच असे. एरवी बाईंना घर खायला उठे.

सहामाही परीक्षा उद्यावर आली. मुलीने शेवटचं उदाहरण सोडवून वही पुढे सरकवली. अर्धं करायचं राहिलंच होतं. बाईंनी लाल पेन उचललं. ही पास झाली की येणं बंद. नापास झाली तर निदान वार्षिकपर्यंत तरी येईल.

त्यांनी उत्तरापुढे बरोबरची खूण केली. मुलगी त्या खुणेकडे जरा वेळ बघत राहिली. मग दप्तर आवरून गेली.

निकालाच्या दिवशी ती मान खाली घालून आली. "नापास झाले, बाई. पहिल्यापासून शिकवाल ना?"

बाईंना आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. त्या दिवशी त्यांचं शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई पहिल्यांदाच खाली आली. हातात झाकलेली वाटी होती. ती आत येऊन बसेपर्यंतही बाईंना दम निघाला नाही.

"पोरीला रागावू नका. तिचं चुकलेलं उत्तर मी बरोबर दिलं. मुद्दाम दिलं. ती नापास झाली ती माझ्यामुळे."

वाटीवरचं झाकण काढता काढता आई थांबली.

"नापास? गणितात वर्गात पहिली आलीय ती, बाई. नेहमीसारखी."