तळं आज बंद

ऊन डोक्यावर आलं तरी वत्सला ढेबेने तळं लावलं नव्हतं. हॉटेलच्या गच्चीवरून पाहुणे भेगाळलेला गाळ बघत होते. मॅनेजर सोनटक्के यंत्राच्या खोलीत धावत आला.

“अहो बाई, बटण दाबा! पाणी आटलंय हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं!”

“आज देवीची जत्रा हाय. तुमचं पाणी उद्या लावते.”

धरणात मोरणे गाव बुडालं आणि काठावर हॉटेलं आली. तेव्हापासून गावकरी काठावरूनच, बुडालेल्या देवळाकडे तोंड करून नारळ फोडायचे. पुढे तलाव आटला, देऊळ उघडं पडलं, आणि हॉटेलवाल्यांनी यंत्राने त्यावर लाटांसकट उजेडाचं खोटं तळं पसरलं. ते चालवायची नोकरी वत्सलाला मिळाली. तीही आजवर मुकाट्याने काठावरच नारळ फोडत आली होती.

“नोकरी जाईल तुमची!”

“जाऊ दे की.” यंत्राची किल्ली कमरेला खोचून, नारळ घेऊन ती गाळात उतरली.

देवळाच्या पायरीशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. अख्खं मोरणे तिच्यामागून येत होतं. गाळ कोरडा ठणठणीत होता, तरी सगळ्यांनी साड्या-विजारी गुडघ्यापर्यंत वर धरल्या होत्या.