ओल्या बोटाचा ठसा

“तुझी कादंबरी पाठव, वाचून सांगतो,” असं बाळापूरच्या अशफाकनं पत्रात लिहिलं होतं. आपलं लिखाण दोस्तानं वाचावं अशा लायकीचं नाही, या धास्तीनं देवलाआबांनी उत्तर दिलंच नाही. पुढं अशफाक वारला.

२००९च्या दिवाळीत नात दीपानं पुण्याहून नवा ई-रीडर आणला. आत तिनं आबांचीच कादंबरी टाइप करून भरली होती.

“काहून घाबरून राहिलात, आबा? बटण दाबलं की पान उलटतंय.”

“अगं, मी दाबलंच न्हाई!”

पान मात्र उलटलं होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ओल्या बोटाचा ठसा होता. अशफाक असाच बोट जिभेला लावून पानं उलटायचा आणि एखादं वाक्य आवडलं की मागं जायचा.

आबा बघत राहिले. पानं पुढं सरकत गेली, थांबली. मग एक पान मागं आलं. पुन्हा मागं आलं.

“आवडलं त्याला!” आबा लेकरासारखे ओरडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अशफाकच्या नावानं उत्तर लिहिलं, “दुसरी लिहायला घेतली,” आणि टपालपेटीच्या फटीत धरलं.

हातातून सोडण्याआधीच ते कुणीतरी आतून हळूच ओढून घेतलं.