चित्रामागची भिंत

“चित्राचा मध्य कुठे यायला हवा?” खिळा ठोकण्याआधी मी विचारलं. माझ्या दुकानातून विकलेलं चित्र गिऱ्हाइकाच्या घरी मीच टांगून देते.

“हा खड्डा झाकला की झालं,” त्या घरातला नवरा शेजारी उभ्या बायकोकडे मान वळवून म्हणाला. “कपाट सरकवताना लागलं. संध्याकाळी हिचे आईवडील येताहेत.” वीणा वाजवणाऱ्या बाईच्या जुन्या तैलचित्राची ही काचेच्या फ्रेममधली महागडी प्रिंट त्यानेच निवडली होती.

वीस वर्षं मी लोकांच्या भिंती बघतेय. कपाटाने असा गोल खड्डा पडत नाही. तो बायकोच्या डोक्याच्या उंचीवर होता आणि फुटलेल्या गिलाव्यात एक लांब केस अडकला होता. ती ओढणी डोक्यावर घट्ट धरून उभी होती. तरी मी गुमान चित्र टांगलं.

“वाकडं वाटतंय,” म्हणत ती पुढे आली. तिने चित्र खिळ्यावरून काढलं आणि दाणकन जमिनीवर आपटलं. काचा त्याच्या पायांपर्यंत उडाल्या.

“भिंत अशीच राहू दे. आईबाबांना दिसू दे.”

तो हात उगारून तिच्यावर धावला. मी मध्ये उभी राहिले. हातोडी अजून माझ्याच हातात होती.