आधीची भाडेकरू

सत्तरी ओलांडलेल्या एकट्या बाईला ओसाकात कुणी खोली देत नाही. त्यातून ती कोरियन असली, तर बोलायलाच नको. बुन-रे आजींचं जुनं घर पाडायला काढलं होतं, म्हणून मी त्यांना घेऊन दारोदार हिंडत होतो. भाड्याच्या खोल्या मिळवून देणं, हाच तर माझा धंदा. शेवटी एक मालक तयार झाला, तोही निम्म्या भाड्यात.

"निम्म्यात का?" आजींनी त्या खोलीच्या दारात चपला काढता काढताच विचारलं.

असलं लपवून चालत नाही. "आधीची भाडेकरू इथेच गेली. एकटीच होती, बरेच दिवस कुणाला कळलं नाही. पण आता खालच्या चटया सगळ्या नव्या घातल्यात."

"आपल्यातलीच होती?"

"नाही, जपानी."

"हं. म्हणजे जपानी असूनही." त्या खाली बसल्या आणि चटईवरून हात फिरवला. "शेजारी कुणी राहत नाही?"

"राहतात की. भिंतीपलीकडेच."

"मग कळलं कसं?"

"भाडं आलं नाही, म्हणून मालक मागायला आला."

आजींनी त्या भिंतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "घेते."

मी बँकेचा कागद पुढे केला. "यावर सही करा. भाडं खात्यातून आपोआप जाईल, तुमच्या डोक्याला ताप नाही."

त्यांनी कागद मागे सारला.

"रोख देईन. आणि महिन्याचं नको, आठवड्याच्या आठवड्याला. मालकाला म्हणावं, स्वतः येऊन घेऊन जा."