तिसरा एक्स-रे

घरच्यांच्या सल्ल्यांनी डोकं उठलं, म्हणून मी निर्णय आकड्यावर सोडला. पाठीच्या कण्याचा बाक पन्नास अंशांपलीकडे गेला असेल तर ऑपरेशन, नाहीतर नाही. पण एक्स-रे दोनदा बिघडला.

"आईंना बाहेर पाठवा हो!" काचेमागून टेक्निशियन वैतागला. "फोटोत दोघी येताय."

"आई बाहेरच आहे," मीही करवादले. खोलीत मी एकटीच होते.

"झालं का गं?" दाराबाहेरून आई ओरडली. "करूनच टाक ते ऑपरेशन एकदाचं!"

टेक्निशियनने दाराकडे पाहिलं. मग माझ्या मागे बघत हळूच म्हणाला, "मावशी, त्यांच्या खांद्यावरचा हात काढा."

माझा कायम झुकलेला उजवा खांदा हलका झाला, आणि काहीही न करता मी सरळ उभी राहिले.